नोकरी सांभाळून अरबी आणि दीनचं इल्म (धर्माचं ज्ञान): रविवारच्या वर्गाचा माझा हिशोब

गेल्या महिन्यात चुलतभावाचा फोन आला, दादा तू ते मशिदीत अरबी शिकायला जातोस ना, मला पण यायचंय, पुस्तकं कुठली घेऊ. अर्धा तास बोललो तरी निम्मं राहिलंच. म्हणून आता सगळं एकदाच लिहून टाकतो, त्याच्यासारखे अजून बरेच असणार.

आधी माझं सांगतो म्हणजे कुठल्या तोंडाने बोलतोय ते कळेल. मूळ गाव खेड तालुक्यात, शाळा पूर्ण मराठी मीडियम, लहानपणी संध्याकाळी मक्तबमध्ये जाऊन "अलिफ जबर अ, बे जबर ब" घोकलं, कुरआन बघून वाचता यायला लागलं, एकदा खतम झालं, घरी जेवण झालं, संपलं. अर्थ शून्य. आता पनवेलला असतो, सोमवार ते शनिवार ऑफिस, आणि गेली पाच वर्षं बुधवारी इशानंतर (रात्रीच्या नमाजनंतर) एक तास आणि रविवारी सकाळी दोन तास असा वर्ग चालू आहे. आलिम (धर्माचा पूर्ण शिकलेला पंडित) नाही, होणारही नाही, त्याचा कोर्स पूर्ण वेळ साधारण सहा ते आठ वर्षांचा असतो. मी पार्टटाईमवाला, आणि हे पार्टटाईमवाल्यांसाठीच आहे.

पहिलं काम म्हणजे तुम्हाला नक्की काय हवंय ते ठरवा, कारण पोस्टरवर "अरबी क्लास" एवढंच लिहिलेलं असतं आणि आत चार वेगळ्या गोष्टी निघतात. एक म्हणजे नुसतं वाचन सुधारणं, तजवीद (कुरआनच्या बिनचूक उच्चाराचे नियम). दुसरं म्हणजे भाषा, व्याकरणासकट. तिसरं, कुरआनचा अर्थ आणि तफ्सीर (स्पष्टीकरण) ऐकणं. चौथं, फिकह (आचरणाचे नियम), हदीस (पैगंबरांची वचनं), सीरत (पैगंबरांचं चरित्र) वगैरे. आणि पाचवा प्रकार कोकणात हमखास भेटतो, दुबई कुवेतला जायचंय म्हणून बोलायची अरबी. ती वेगळीच वस्तू आहे बरं का. आखाती देशात लोक "श्लोनक" म्हणून ख्यालीखुशाली विचारतात, पुस्तकात ते "कैफ हालुक" असतं. वीस वर्षं कुवेतला काढलेले आमच्या गावचे एक काका दुकानदाराशी फाडफाड बोलतात पण जुम्याचा खुतबा (शुक्रवारच्या नमाजचं प्रवचन) त्यांना माझ्याइतकाच कमी कळतो, म्हंजे कळायचा. तर ज्याला कुरआन समजायचंय त्याने किताबी अरबीच्याच वर्गाला जावं, आणि ज्याला पुढच्या महिन्यात फ्लाईट आहे त्याने या वर्गात वेळ घालवू नये.

आता वर्ग कसा निवडायचा. याच्यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे कारण इथेच मी तोंडावर पडलोय. पहिल्यांदा ज्या वर्गाला नाव घातलं (कुठला ते सांगत नाही) तिथे सगळं झकपक होतं, प्रोजेक्टर, छापील नोट्स, एसी हॉल, साठेक माणसं. शिकवणारे बोलायचे पण छान, आपण बसून ऐकायचं, माना डोलवायच्या, घरी यायचं. दोन महिन्यांनी एका मय्यतीत कुणीतरी माझ्या हातात सिपारा (कुरआनचा एक भाग) दिला आणि शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने पहिल्या ओळीतच तीन चुका काढल्या. तेव्हा डोक्यात उजेड पडला, की या दोन महिन्यांत माझं वाचन एकदाही कुणी ऐकलंच नव्हतं. ते बयान (प्रवचन) होतं, सबक (धडा) नव्हता. बयान ऐकावं, चांगलंच आहे, पण त्याला शिकणं म्हणू नये.

म्हणून माझी एकच चाचणी आहे: उस्ताद तुमचं ऐकतात का. प्रत्येक वर्गात तुमच्या तोंडून निदान दोन-तीन ओळी निघाल्या पाहिजेत आणि त्या कुणीतरी दुरुस्त केल्या पाहिजेत. दहा-बारा जणांचा वर्ग असेल तर हे जमतं, वीसच्या वर गेला की जमत नाही, मग उस्ताद कितीही मोठे असोत. आता मी ज्यांच्याकडे जातो ते मौलाना दिवसा इमामत करतात, मशिदीच्या वरच्या मजल्यावर चटईवर बसवतात, एक पांढरा बोर्ड आहे ज्याचा डस्टर कायम हरवलेला असतो, आणि गेल्या रविवारचा सबक ऐकवल्याशिवाय पुढचा देत नाहीत. नाही आला तर "पुढच्या वेळी" एवढंच म्हणतात, रागावत नाहीत, पण चाळिशीतल्या माणसाला तेवढंही पुरतं.

भाषेचा एक घोळ आधीच सांगतो. बहुतेक वर्ग उर्दूत चालतात. आपण मराठी मीडियमवाले, उर्दू ऐकून कळतं, हिंदी सिनेमाची कृपा, पण वाचता येत नाही, आणि व्याकरणाच्या सोप्या किताबा बऱ्याचशा उर्दूत. याच्यावर दोन उपाय. एक म्हणजे उर्दू लिपी शिकून घ्या, अरबी अक्षरं येत असली की महिन्या-दीड महिन्यात होते. दुसरा म्हणजे इंग्रजीतून शिकवणारा वर्ग शोधा, तिथे बहुतेक "मदिना बुक्स" चालतात. त्याचे तीन भाग आहेत, लिहिणारे डॉ. व्ही. अब्दुर रहीम हे तमिळनाडूच्या वानियंबाडीचे, मदिनेच्या इस्लामी विद्यापीठात त्यांनी अरबी न येणाऱ्या मुलांना शिकवलं, त्यामुळे आपल्यासारख्याला काय अडतं ते या माणसाला बरोब्बर ठाऊक होतं. पहिल्या भागात 23 धडे, पहिला धडा "हाजा बैतुन", हे घर आहे, इथून सुरू. मी ही पुस्तकं आणि उर्दूतलं शिकवणं असं दोन्ही मिसळून केलं, गोंधळ झाला थोडा, पण चाललं.

मग येतो मजहबचा (फिकहच्या परंपरेचा) विषय, आणि हा कोकणातल्या लोकांनी तरी नीट वाचा. आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. मुंबई-पुण्यात शिकवणारे मौलाना बऱ्याचदा उत्तरेतले, म्हंजे हनफी. दोन्ही बरोबर, भांडण काही नाही, पण नवशिक्याने फिकह शिकताना एक धरावं लागतं नाहीतर डोक्याची भेळ होते. साधं वुजूचं (नमाजआधी हातपाय धुण्याचं) बघा, हनफींकडे वुजूचे फर्ज (सक्तीच्या गोष्टी) 4, शाफईंकडे 6, कारण नियत (मनातला हेतू) आणि क्रम हे पण फर्जमध्ये धरतात. असरची (दुपारनंतरच्या नमाजची) वेळ वेगळी, शाफईंची आधी होते, सावली वस्तूइतकी झाली की, हनफींची दुप्पट झाल्यावर. फजरमध्ये (पहाटेच्या नमाजमध्ये) कुनूत ही दुआ आपण वाचतो, ते नाही वाचत. आता वर्गात हनफी किताब चालू आहे आणि तुम्ही घरी जाऊन आजीला सांगितलं की अगं तू करतेस ते चुकीचं, तर आजीचं काही चुकलेलं नसतं, तुमचं अर्धं शिक्षण झालेलं असतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेले असे दरवर्षी दोन-तीन जण आमच्या वर्गात निघतात, मी पण एक वर्ष त्यातलाच होतो. त्यामुळे फिकहच्या वर्गाला नाव घालण्याआधी सरळ विचारा, मौलाना, कुठल्या मजहबची किताब आहे. शाफईंसाठी "सफीनतुन नजा" ही छोटी किताब सुरुवातीला असते, हनफींकडे "नूरुल इजाह" आणि मग "कुदूरी". देवबंदी, बरेलवी, अहले हदीस या पंथांचा प्रश्न पण असतोच, त्यावर इथे काही लिहीत नाही, फक्त घरच्यांशी बोलून जा म्हणजे नंतर जेवणाच्या वेळी वाद नकोत. तजवीद आणि व्याकरण मात्र कुणाकडेही शिका, अलिफ सगळ्यांचा सारखाच उभा असतो.

आता प्रत्यक्ष शिकायचं कसं. सुरुवात कायद्यापासूनच (अक्षरओळखीच्या पुस्तकापासूनच) करा, नूरानी कायदा म्हणतात तो, लाज वाटू देऊ नका. शेजारी सात वर्षांचा पोरगा बसलेला असेल आणि तो तुमच्या पुढे असेल, असू दे. लहानपणी मक्तबमध्ये शिकलोय असं म्हणणाऱ्यांचीच जास्त दुरुस्ती करावी लागते, कारण मराठी जीभ आधीच बसलेली असते. आपल्या स मध्ये अरबीचे तीन स गुडुप होतात, सीन, साद आणि से. आपल्या एका ज मध्ये चार जातात, जाल, जे, जाद, जोय. त्यातला जे अक्षराचा आवाज काढताना आपण "जहाज" मधला ज वापरतो, तो जवळचा आहे पण त्यात जीभ टेकते, इथे टेकवायची नाही, नुसती हवा जाऊ द्यायची. फ पण आपला "फळ" मधला नको, वरचे दात खालच्या ओठावर टेकवून काढायचा. व म्हणताना दोन्ही ओठ गोल. बडी हे, म्हंजे "अल्हम्दु" मधला ह, तो चष्म्याची काच पुसायला आपण तोंडाची वाफ सोडतो तसा घशातून. आणि दोन काफ तर वेगळे काढलेच पाहिजेत, एका काफने क़ल्ब म्हणजे हृदय आणि दुसऱ्याने कल्ब म्हणजे कुत्रा, उस्ताद हे उदाहरण पहिल्याच आठवड्यात देतात आणि मग सगळे घाबरून सरळ होतात.

मोबाईलवर रेकॉर्ड करा स्वतःला. आधी चांगल्या कारीच्या (कुरआन पठण करणाऱ्याच्या) दोन आयती ऐका, मग आपल्या रेकॉर्ड करा, मग दोन्ही लागोपाठ ऐका. फार लाज वाटते, पण लवकर सुधारतं. ऑनलाईन वर्गाबद्दल माझं मत विचाराल तर व्याकरणाला चालतो, मखारिजला (उच्चाराच्या जागांना) नाही, फोनवरून सीन आणि से सारखेच ऐकू येतात आणि उस्तादांना तुमची जीभ कुठे आहे ते दिसत नाही. ज्यांना जवळ वर्गच नाही त्यांनी ऑनलाईन करा पण महिन्यातून एकदा तरी कुणासमोर बसून वाचून दाखवा.

तजवीदचे नियम ऐकायला अवघड वाटतात, प्रत्यक्षात मोजून मापून आहेत. नून साकिनचंच (स्वर नसलेल्या न चंच) घ्या, पुढे येणारी 28 अक्षरं चार डब्यांत वाटलेली आहेत: 6 घशाच्या अक्षरांपुढे नून स्पष्ट म्हणायचा, 6 अक्षरांत तो मिसळतो, एका बे पुढे त्याचा म होतो, आणि उरलेल्या 15 पुढे तो नाकात लपतो. बेरीज केलीत तर 28 भरते, म्हणजे कुठलंच अक्षर सुटत नाही. हे एकदा कळलं की पाठांतर उरतच नाही फारसं.

अजून एक, मुसहफ (कुरआनची छापील प्रत) एकच ठेवा. आपल्याकडे छापलेल्या प्रती आणि मदिनेच्या छापाची प्रत यांची अक्षरांची धाटणी आणि खुणा वेगळ्या असतात. मदिनेची 604 पानं, पानाला 15 ओळी, हजहून कुणीतरी आणलेली प्रत प्रत्येक घरात असते. उस्ताद जी वापरतात तीच घ्या, नाहीतर वर्गात निम्मा वेळ कुठली ओळ कुठली ओळ करण्यात जातो.

आता भाषा. इथे मराठी माणसाला एक मोठा फायदा आहे आणि तो कुणी सांगत नाही, मला स्वतःला दुसऱ्या वर्षी लागला. अरबी शब्द तीन अक्षरांच्या मुळापासून बनतात आणि ठराविक साच्यात ओतले जातात. मौलानांनी बोर्डावर "मफऊल" हा साचा लिहिला, म्हंजे ज्याच्यावर क्रिया झाली तो, आणि उदाहरणं द्यायला लागले, आणि मी मागे बसून मनात म्हणतोय, मजकूर, मंजूर, महसूल, मशगूल, मजबूत... हे तर आपले रोजचे शब्द! सगळे त्याच साच्यातले. मग "फाइल" साचा, करणारा, त्यात मालक, वारस, साहेब, कायम, आणि आपला शाहीर पण. मग "तफईल" साचा, त्यात तहसील, तपशील, तालीम आणि तफ्सीर. अरबीत तालीम म्हणजे शिक्षण, आपण तिला कुस्तीच्या आखाड्यात आणि नाटकाच्या रिहर्सलला नेऊन बसवलं. घरी येऊन मी वहीत मराठीतले असे शब्द लिहायला बसलो तर दोन पानं भरली, आणि ह-स-ल या एका मुळातून महसूल, तहसील आणि "काय हशील" मधला हशील असे तिघं भाऊ निघाले. तहसीलदार कचेरीत वारसनोंदीला चकरा मारताना मला माहीतच नव्हतं की मी व्याकरणाचा अभ्यास करतोय.

व्याकरणाच्या पहिल्या दिवशी सांगतात की अरबीत शब्द तीन प्रकारचे, इसम, फेल, हर्फ. इसम म्हणजे नाम. पेपरात येतं ना "एका अनोळखी इसमाने", तोच हा. आता सांगा विसराल का.

तर हे करून बघा: फातिहा (कुरआनची पहिली सूरा) समोर घ्या आणि प्रत्येक शब्दाचा मराठीत राहणारा नातेवाईक शोधा. "मालिकि यौमिद्दीन" मधला मालिक तर सरळ मालक. "मुस्तकीम" चं मूळ क-व-म, त्यातूनच कायम, मुक्काम आणि किंमत. "आलमीन" मधला आलम आपल्या "आलम दुनिया" मध्ये आहे. "अल्हम्दु" चं मूळ ह-म-द, त्यात अहमद, महमूद, हमीद, अर्धं गाव आलं. दिवसाच्या फर्ज नमाजांच्या 17 रकाती, म्हणजे फातिहा दिवसाला निदान 17 वेळा तोंडात येते, तिचे शब्द आधी पक्के केले की सरावाला वेगळा वेळ काढायलाच नको. त्यानंतर नमाजमधलं बाकीचं, रुकू सिजद्यातलं, अत्तहियात, मग शेवटच्या पाऱ्यातल्या छोट्या सूरा. बाजारातून हजार शब्दांची यादी आणून घोकू नका, मी केलंय, नव्याचे नऊ दिवस.

फक्त सावध राहा, काही नातेवाईक परदेशी जाऊन बदललेले असतात. अरबीत गरीब म्हणजे परका किंवा विचित्र, पैसे नसलेला नव्हे. तकरार म्हणजे पुन्हा पुन्हा करणं, खुलासा म्हणजे सार, रक्कम चा मूळ अर्थ आकडा, आणि जुलूस म्हणजे चक्क बसणं! आपल्याकडे जुलूस निघतो, तिकडे बसतो. त्यामुळे ओळखीचा शब्द दिसला की खूश व्हा पण कोश उघडा. कोश मुळाप्रमाणे लावलेले असतात, तहसील शोधायचा तर त खाली नाही, ह-स-ल खाली सापडतो, हे कळेपर्यंत मी एक अख्खी संध्याकाळ त मध्ये शोधत होतो. इंग्रजी चालत असेल तर हान्स वेर यांचा कोश वर्षानुवर्षं पुरतो. आणि कुरआनच्या प्रत्येक शब्दाचं व्याकरण सुटं करून दाखवणारा कुराणिक अरेबिक कॉर्पस, लीड्स विद्यापीठात तयार झालेला, नेटवर फुकट आहे. पण आधी स्वतः मूळ ओळखायचा प्रयत्न करा, मगच बघा, नाहीतर गाईडमधून गणितं उतरवल्यासारखं होतं.

क्रियापदं म्हणजे सर्फ, इथे लोक गळतात. भूतकाळाच्या एका क्रियापदाची 14 रूपं. नसर, नसरा, नसरू, नसरत्, नसरता, नसर्न... अशी गर्दान एका दमात म्हणायची. शाळेत आठवीला संस्कृत घेतलं असेल तर "देवः देवौ देवाः" आठवा, तसंच आहे, द्विवचन सुद्धा आहे, जे मराठीत नाही. कुणी संस्कृतवाला वर्गात असेल तर तो बाकीच्यांच्या पुढे पळतो हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि विभक्तीच्या आपल्या आठ असतात म्हणून घाबरू नका, इथे शेवटच्या स्वराचे तीनच खेळ, उ, अ, इ. बैतुन म्हणजे घर, "दखलतुल बैत" मी घरात शिरलो (यातला दाखल ओळखलात ना), "फिल बैति" घरामध्ये. पण हा एक स्वर चुकला तर काय होतं ते फातिहातच आहे, "अन्अम्त" म्हणजे तू नेमत दिलीस, त चा तु केला तर मी दिली असा अर्थ होतो. नमाजमध्ये उभं राहून देवापुढे असं म्हणणं, विचार करा.

गर्दान पाठ करायची जागा म्हणजे लोकल. पनवेल ते सीएसएमटी बसायला मिळालं तर 14 रूपं दहा वेळा होतात, उभं असलं तरी होतात, ओठ हलवायचे, आवाज नाही. शेजारचा जरा सरकून बसतो कधीकधी, फायदाच आहे.

लिहायची वही वेगळी करा आणि शेवटच्या पानापासून सुरू करा, कारण लिहिणं उजवीकडून. अलिफ, दाल, जाल, रे, जे, वाव ही 6 अक्षरं पुढच्याला हात देत नाहीत, बाकीची देतात, एवढं लक्षात ठेवलं की जोडाक्षरं सुटतात. पहिले दोन-तीन महिने बाजूला देवनागरीत उच्चार लिहिला तर चालेल, त्यानंतर बंद, कारण डोळा आळशी असतो, सोपं तेच वाचतो. उर्दू येणाऱ्यांनी लक्षात ठेवा की अरबीत प, च, ट, ग नाहीत. ळ आणि ण तर नाहीतच, त्यामुळे चिपळूण हे नाव अरबीत लिहायला बसलात तर त्यातलं जवळपास काहीच हाताला लागत नाही, आमच्या वर्गातल्या चिपळूणच्या पोराने वैतागून गाव बदलून महाड लिहिलं होतं.

बाकीच्या इल्मचा क्रम मी असा सांगेन. पहिलं वर्ष तजवीद, भाषेची सुरुवात, आणि रोजच्या गरजेचा फिकह, म्हंजे पाकी, नमाज, रोजा, जकात. तेवढंच. दुसऱ्या वर्षी इमाम नववींच्या 40 हदीस (मोजल्यात तर 42 भरतात), त्या अरबीत वाचायला घ्या, वाक्यं छोटी आहेत, पहिलीच "कामं नियतवर (हेतूवर) अवलंबून" ही सगळ्यांना तोंडपाठ असलेली. नववी स्वतः मोठे शाफई आलिम, 1277 मध्ये वारले. व्याकरणात तोपर्यंत "आजुर्रूमिय्या" पर्यंत पोचाल, मोरोक्कोच्या इब्न आजुर्रूम यांची चिमुकली किताब, सातशे वर्षं जुनी आणि अजून वर्गावर्गात चालू आहे. तिसऱ्या वर्षापासून तफ्सीर, सीरत, हदीसच्या सनदी (कुणी कुणाकडून ऐकलं त्या साखळ्या) कशा तपासतात, सहीह हसन जईफ हे हदीसचे दर्जे म्हणजे काय, हे सगळं. लोक उलटं करतात, थेट तफ्सीरला जाऊन बसतात, ऐकायला गोड असते ना, आणि तीन वर्षांनी पण "अन्अम्त" वाचता येत नाही. कोणी म्हणेल की अर्थ आधी कळू दे, वाचन होईल मागाहून. माझा अनुभव उलटा आहे.

तफ्सीरवरून आठवलं. माहीमची जत्रा म्हटलं की आपल्याला मुंबई पोलिसांची चादर आठवते, पण ज्यांच्या दर्ग्याची ती जत्रा ते मख्दूम अली माहिमी (1372 ते 1431) मुळात आलिम होते, शाफई, आणि त्यांनी कुरआनची तफ्सीर लिहिली ती अरबीत. माहीम बेट होतं तेव्हा. आपल्याच किनाऱ्यावरच्या माणसाने सहाशे वर्षांपूर्वी अरबीत तफ्सीर लिहिली आणि आपण "हाजा बैतुन" ला तीन आठवडे घेतो, असं मौलाना हसत हसत ऐकवतात.

आठवड्याचं गणित. वर्ग तीन तासांचा, पण खरं काम मधल्या दिवसांत होतं. मी रोज वीस मिनिटं ठेवलीत, फजरनंतर, दहा वाचनाला दहा व्याकरणाला, यापेक्षा जास्त ठरवलं की चार दिवसांत मोडतं. एक साथीदार पकडा ज्याला रोज रात्री फोनवर गर्दान ऐकवायची, त्याने तुम्हाला ऐकवायची. आम्ही दोघं असे आहोत, तो रिक्षा चालवतो, त्याचं पाठांतर माझ्यापेक्षा कितीतरी पक्कं आहे, सिग्नलला करतो म्हणे. रविवारचा मेगाब्लॉक हा या शिक्षणाचा सगळ्यात मोठा शत्रू, हार्बरवर तर विचारूच नका, त्यामुळे शनिवारी रात्रीच ब्लॉकचं टाईमटेबल बघून ठेवा आणि शक्यतो चालत जाता येईल असाच वर्ग धरा. दूरच्या नावाजलेल्या उस्तादांपेक्षा गल्लीतले बरे, कारण जुलैच्या पावसात तुम्ही दूर जाणार नाही. एक वर्ग चुकला तर पुढच्याला जाच, दोन चुकले की लाज वाटते आणि तिसऱ्याला माणूस येत नाही, आमच्या वर्गातून गेलेले जवळजवळ सगळे असेच गेलेत, अवघड वाटलं म्हणून कोणी गेलं नाही.

बायकांसाठी बऱ्याच ठिकाणी दुपारचे वर्ग असतात, आलिमा शिकवतात, माझी बायको जाते तिथे पोरं सोबत चालतात आणि एक मोठी मुलगी त्यांना बाजूला कायदा शिकवते. नाव घालताना एवढं विचारा की पोरांची सोय आहे का आणि शाळेच्या परीक्षेच्या वेळी काय करतात. ज्यांना सर्टिफिकेट हवंय किंवा पुढे भाषांतराचं काम करायचंय त्यांनी मशिदीच्या वर्गावर अवलंबून राहू नये, मुंबई विद्यापीठात अरबीचा स्वतंत्र विभाग आहे, कलिन्याला जाऊन चौकशी करा. गैरमुस्लिम मित्र विचारतात आम्ही आलो तर चालेल का, आमच्याकडे एक भाषेची आवड असलेले मास्तर दीड वर्ष येत होते, मौलानांना अप्रूपच होतं. आधी फोन करून विचारा एवढंच.

पैशाचं म्हणाल तर काही ठिकाणी नाममात्र फी असते, काही ठिकाणी काहीच घेत नाहीत. घेत नसतील तरी उस्तादांना पण घरसंसार आहे हे लक्षात ठेवा, आम्ही सगळे मिळून दर महिन्याला पाकीट देतो, ईदला वेगळं. वर्गणी एकाने गोळा करायची म्हणजे कोण किती देतंय ते त्यांना कळत नाही.

आणि नाव कधी घालायचं? मदरशांचं वर्ष शव्वालमध्ये सुरू होतं, म्हंजे रमजान ईद झाली की, आणि शाबानमध्ये, रमजानच्या आधीच्या महिन्यात, संपतं. बरेच मोहल्ल्याचे वर्ग पण तसेच चालतात, रमजानमध्ये तरावीहमुळे (रात्रीच्या लांब नमाजमुळे) बंद. सगळे ईदनंतर चौकशीला जातात. तुम्ही शाबानमध्ये जा, वर्ष संपायच्या आत, एका रविवारी परवानगी घेऊन मागे बसा आणि जुने विद्यार्थी कसं वाचतायत ते ऐका, सगळ्यात हुशार नको, मधला कुठलातरी बघा, वर्षभरापूर्वी आलेला. तो जर न अडखळता अर्धं पान वाचत असेल आणि चुकल्यावर उस्ताद त्याला तिथेच थांबवून परत म्हणायला लावत असतील, तर खाली येताना नाव देऊन या. आमच्याकडे येणार असाल तर चप्पल जिन्याच्या वरच्या रॅकवर ठेवा, खालच्या रॅकवर वुजूखान्याचं पाणी येतं.